खोली नंबर अकरा

घाटंजीच्या सरकारी दवाखान्यात
एक्सरेच्या बाजूले खोली नंबर अकरा.
आंधी तिथं लेकरायचे वजनकाटे ठेवत.
एक अजूनई हाय कोपऱ्यात,
त्याच्यावर कोनी नसलं तरी अर्धा किलो दाखवते.

दर गुरुवारी नंदेश्वर मॅडम तिथं बसते,
यवतमाळहून येते, डब्बा घेऊन.
सायबानं चिठ्ठी देली म्हनून गेलो,
नाई तं लायनमनले कायले पायजे असं काई?
पोलावर चढता येत नोयतं, बस्स.
शिडीचा सातवा डंडा आला का बोटं सुटतच नोयती.

पयल्या दिवशी म्हनलं, गोया द्या अन् लवकर सोडा.
मॅडम म्हने, "गोळ्या समोरच्या खोलीत मिळतात."
मंग इथं काय मिळते?
"पन्नास मिनिटं."
मले हासू आलं.
पन्नास मिनटात म्या अख्ख्या गावाची डीपी सुरू करून देतो.

खिडकीतून ट्रान्सफार्मर दिसे,
म्या पूरा वेळ त्याच्याकडंच पायत रायलो.
दुसऱ्या गुरुवारी गेलो तं
माही खुर्ची फिरवून ठेवली होती,
तोंड भितीकडं, कुष्ठरोगाच्या पोस्टरकडं.
तिनं सांगतलं नाई, म्या इचारलं नाई.

मंग दोन गुरुवार म्हशीचं सांगतलं, पोरीच्या बारावीचं.
घरी बायको इचारे, का सांगते थे बाई?
काई नाई सांगत. आयकते.
तं याचा पगार देते का सरकार?

पाचव्या गुरुवारी त्याचं नाव निंघालं तोंडातून.
रुपेश आत्राम, माहा हेल्पर, चोवीस वर्षाचा,
डब्ब्यात रोज अंबाडीची भाजी.
अन् मॅडम म्हने, "रितेश गेला त्या दिवशी..."

म्या उठलो.
गाडीले किक मारली,
घरी येऊन सांगतलं, सारं ढोंग हाय.

पुढच्या गुरुवारी काऊन गेलो, थे अजूनई नाई समजलं.
म्या बसाच्या आंधीच मॅडम बोलली,
"रुपेश. मी चुकीचं नाव घेतलं.
तुम्ही उठून गेलात.
राग असेल, तर तो इथे चालेल."

बापानं नाई, सायबानं नाई,
चौकशीले आलेल्या तीन मानसायनं नाई,
माह्या समोर बसून कोनी म्हनलं नोयतं
का चूक माही झाली.
अन् म्हनूनई ते बाई
खुर्चीत तशीच बसली होती, मोडली नोयती.
असंई रायता येते?

तवा म्या सांगतलं.
"लाईन बंद हाय, चढ,"
फोनवर हे म्हननारा म्याच होतो.
सबस्टेशनले इचारलं नोयतं.
रोजचंच होतं, म्हनून.
कागदावर हे कुठंई नाई.

पंखा फिरे. बाहेर कोनाचं तरी लेकरू रडे.
"तुमची काय चूक" असं ते म्हनली नाई,
"जाऊ द्या" बी म्हनली नाई.
लय वेळानं इचारलं,
"किती दिवस एकट्यानं धरून ठेवलं हे?"
दोन वर्षं. वर चार महिने.

एक डाव म्या म्हनलं, मॅडम, तुमी म्हनजे अर्थिंग,
माह्यातला करंट तुमच्यातून जमिनीत.
हासली.
"नाही हो कवडूभाऊ, मला पण लागतो.
परत जाताना बसमध्ये लागतो.
पण पुढच्या गुरुवारी मी येते."

हात आताई थरथरते.
सातव्या डंड्यावर थांबतो,
त्याचं नाव घेतो, मोठ्यानं.
मंग आठवा.

काल मॅडमच्या आंधी पोचलो खोलीत.
खुर्ची उचलली, फिरवली,
ट्रान्सफार्मरकडं तोंड करून बसलो.
ते आली. डब्बा टेबलावर ठेवला,
खुर्ची पायली, मले पायलं,
अन् आपली खुर्ची जराशी सरकवली,
तिलेई खिडकी दिसन अशी.